दोरी ताणली की पाऊल थांबवा

सकाळी सहाच्या सुमारास साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या चढावर किंवा सांगलीत कृष्णेच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दृश्य हमखास दिसते. पुढे सात-आठ महिन्यांचा तरणाबांड कुत्रा, मध्ये ताणलेली दोरी आणि मागे टाचा रोवत ओढला जाणारा मालक. 'कोण कोणाला फिरवतंय?' असे म्हणून येणारे-जाणारे हसतात.

दोरी घरातल्या आजी-आजोबांच्या हाती असेल तर मात्र ही हसण्याची गोष्ट राहत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २०२० या वीस वर्षांतील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कुत्र्याला दोरीने फिरवताना जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या प्रौढांची संख्या चार लाखांहून अधिक असल्याचा अंदाज त्यांनी २०२३ मध्ये मांडला. बोटाचे हाड मोडणे, डोक्याला मार लागणे आणि खांदा दुखावणे या दुखापती त्यांत सर्वाधिक होत्या. पडण्याचा धोका पासष्टीपुढच्या व्यक्तींना जास्त होता. म्हणून पहिला नियम माणसासाठी : दोरी बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका. तिची मूठ तळहातात घट्ट धरा.

कुत्रा ओढतो कशासाठी?

'हट्टी आहे', 'ऐकतच नाही' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो फार चांगला शिकलेला असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांवर प्रयोग केले. ज्या कृतीने फायदा होतो ती प्राणी पुन्हा करतो, असे त्यांना दिसले. पिल्लाने ओढले, आपण दोन पावले पुढे गेलो आणि त्याला खांबाचा वास घेता आला. म्हणजे ओढण्याचे बक्षीस आपणच दिले. रोज अर्धा तास हा धडा गिरवला की सहा महिन्यांत तो पक्का होतो.

उपायही याच नियमात आहे. दोरी ताणली की पाऊल थांबवायचे. ओरडायचे नाही, हिसका द्यायचा नाही, झाडासारखे उभे राहायचे. पिल्लू मागे वळून पाहील किंवा एक पाऊल मागे येईल. दोरी सैल पडली की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून पुढे निघायचे. ते आपल्या गुडघ्याजवळ चालत असताना मधूनमधून तिथेच खाऊचा छोटा तुकडा द्यायचा. ओढल्याने रस्ता बंद होतो आणि सैल दोरीने उघडतो, एवढेच त्याला समजायला हवे.

सुरुवात रस्त्यावर नको. अंगण, गच्ची किंवा ओसरीत पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. पहिले काही दिवस फाटकाबाहेर वीस पावलेही जाता येणार नाही, हे गृहीत धरा. जोराने ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळपट्ट्याचा दाब श्वासनलिकेवर येतो, त्यामुळे छातीभोवती बसणारा पट्टा बरा.

कारवानीची गोष्ट वेगळी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि माण-खटावच्या माळांवर कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जातात. सीमेपलीकडच्या मुधोळमुळे यांना मुधोळ हाउंड असेही म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारा. लांबवर काही हलले की तो सुटलाच! सशामागे धावण्यासाठी जपलेला हा गुण शहरात आल्यावर स्कूटर, कोंबडी आणि शेजारच्या शेळीमागे धावतो.

अशा कुत्र्याला दमात घेऊन उपयोग नाही. शेळी दिसत असतानाही तो हातातला खाऊ घेऊ शकतो, इतक्या अंतरावर उभे राहा. तिच्याकडे पाहून आपल्याकडे वळला की बक्षीस द्या. अंतर दिवसागणिक थोडे थोडे कमी करा. खाऊकडे ढुंकूनही पाहत नसेल तर आपण फार जवळ आलो, असे समजा. या कुत्र्यांचे डोके निमुळते असते, त्यामुळे साधा गळपट्टा मागच्या मागे निसटतो. तो रुंद आणि मापाचा हवा. कारवानीला नुसते दोरीने फिरवून भागत नाही. कुंपण घातलेल्या शेतात किंवा मोकळ्या जागेत त्याला मनसोक्त पळू द्या. रस्त्यावर मात्र कधीही मोकळे सोडू नका.

घरातली शिस्त

लहान पिल्लाला लघवी फार वेळ रोखता येत नाही. ढोबळ हिशेब असा : तीन महिन्यांचे पिल्लू दिवसा जेमतेम तीन-चार तास थांबू शकते. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला ठरलेल्या कोपऱ्यात न्या. काम झाले की तिथल्या तिथे कौतुक करा. घरात घाण झाली तर मुकाट्याने पुसा. त्यात नाक घासणे किंवा चापट मारणे निरुपयोगी असते. घरात करू नये हे त्याला कळतच नाही, माणसासमोर करू नये एवढे कळते. मग ते पलंगामागे जाऊन करते.

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारे पिल्लू हाताने ढकलले तर त्याला तो खेळच वाटतो. पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की मग लाड. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून कायमचे दात येतात, हिरड्या शिवशिवतात. तेव्हा चपला वर ठेवा आणि चावायला रबरी खेळणे द्या.

भरल्या घरात खरी अडचण माणसांचीच होते. आई शिकवते, दादा हिसका देतो आणि आजोबा ताटातला घास टाकतात. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडायला सर्वांत अवघड असते. म्हणून नियम एकच आणि तो सगळ्यांनी पाळायचा.

बक्षीस काय द्यावे? उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतील. सांगली-तासगावच्या घरांत बेदाण्यांचा डबा हाताशी असतो, पण बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्यांना अजिबात देऊ नका. त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि किती दाण्यांनी होतील हे आधी सांगता येत नाही. चुकून खाल्ले तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. कांदा, लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य.

लस आणि ओळख

तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेते. या काळात दुचाकीचा आवाज, मुले, म्हातारी माणसे, काठी, छत्री हे सारे त्याने शांतपणे पाहायला हवे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन फिरवा, कारण पार्व्होसारखे रोग रस्त्यावरूनच येतात. सतत साखळीला बांधून वाढवलेला कुत्रा या ओळखीला मुकतो. मग भीतीपोटी भुंकतो आणि कधी चावतोही.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी टोचून घ्याच. कुठलाही कुत्रा चावला किंवा त्याचे दात लागून ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

घरात स्वच्छ राहणारा कुत्रा अचानक घाण करू लागला किंवा एरवी शांत असणारा गुरगुरू लागला, तर आधी आजार किंवा दुखणे तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग शिस्तीने बरा होत नाही.

बाकी सारे उद्या सकाळी सुरू करता येईल. दोरी ताणली की थांबा. पहिल्या दिवशी फेरी फाटकापर्यंतच झाली, तरी तेवढे शिकणे झालेले असते.