जुने औजार घ्या, नीट करा, मोबाईलवर विका, पण हिशेबाने



जुन्या औजारांच्या खरेदी-विक्रीबद्दल कार्यक्रमात बोलणे झाले, पण रेडिओवर ऐकताना सगळे टिपून घेता येत नाही. म्हणून तीच माहिती थोडी वाढवून या पत्रकात देत आहोत. घरात जपून ठेवावी.

आमच्या भागातील एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बंद पडलेली कडबाकुट्टी तीन वर्षे पडून होती. अडगळ नको म्हणून त्यांनी ती भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली. पुढे तीच कुट्टी शेजारच्या गावातील एका तरुणाने भंगारातून उचलली, पाती आणि बेअरिंग बदलले, रंग दिला आणि मोबाईलवर फोटो टाकून विकली. कुट्टी तीच, लोखंड तेच. फरक पडला तो दोन दिवसांच्या मेहनतीचा आणि योग्य गिऱ्हाईक गाठण्याचा.

पूर्वी जुने औजार विकायचे तर आठवडी बाजार किंवा सोयरेधायरे, एवढाच मार्ग होता. आता ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि गावोगावचे व्हॉट्सॲप गट यांमुळे चार तालुक्यांतले गिऱ्हाईक घरबसल्या मिळते. शेती सांभाळून करण्यासारखा हा जोडधंदा आहे. मात्र नुसत्या उत्साहाने उडी घेतली तर पदरचे जाते.

१. काय घ्यावे, केव्हा घ्यावे

सुरुवात लहान आणि आपल्याला समजणाऱ्या वस्तूपासून करावी. कडबाकुट्टी, पाठीवरचा फवारणी पंप, पाण्याची मोटर, पाभर, कोळपे, लोखंडी नांगर ही औजारे आपल्या हाताखालची आहेत. त्यांचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. ट्रॅक्टर, मळणी यंत्र यांच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नये.

हंगाम उलटा धरावा. पेरणी आटोपली की पाभरीला कोणी विचारत नाही, तेव्हा ती घ्यावी आणि मे महिन्यात विकावी. पावसाळ्यात हिरवी वैरण मुबलक असते, तेव्हा कडबाकुट्टी स्वस्त मिळते. ज्वारी निघून कडबा घरात आला की तिलाच मागणी येते. गरजेच्या वेळी घेणारा महाग घेतो, हे आपण बाजारात नेहमीच पाहतो.

२. घेताना तपासणी

फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. वस्तू जागेवर जाऊन, हात लावून पाहावी.

मोटर असेल तर आधी हाताने फिरवून पाहावी. अडकत असेल किंवा खरखर येत असेल तर बेअरिंग गेले समजावे. जळका वास आला तर वायंडिंगची शंका घ्यावी. ओळखीच्या वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावे. इन्सुलेशन 1 मेगोहमपेक्षा कमी आले तर ती मोटर तशीच चालवणे धोक्याचे असते. रिवायंडिंगचा खर्च धरूनच भाव करावा.

कडबाकुट्टीचे मुख्य चाक नीट न्याहाळावे. चाकाला चीर असेल किंवा डागडुजी केलेली दिसली तर ती कुट्टी घेऊच नये. फिरते चाक फुटले तर माणूस जायबंदी होतो. पात्यांवरचे आणि पट्ट्यावरचे संरक्षक झाकण नसेल तर ते बसवल्याशिवाय पुढे विकू नये. चार पैसे वाचवण्यासाठी कोणाचा हात जाता कामा नये.

फवारणी पंपाबाबत एक गोष्ट नक्की विचारावी : यातून तणनाशक मारले होते का? टू-फोर-डी या तणनाशकाचा थोडा अंश टाकीत, नळीत किंवा नोझलमध्ये राहिला तरी कपाशीची पाने वेडीवाकडी होतात, झाड आखडते. द्राक्ष, टोमॅटो यांनाही त्याचा फटका बसतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पंप दोन-तीनदा धुतला तरी पूर्ण भरवसा धरता येत नाही. असा पंप विकायचाच झाला तर 'फक्त तणनाशकासाठी' असे टाकीवर रंगाने लिहूनच विकावा. आपल्या पाचशे रुपयांच्या नफ्यापायी दुसऱ्याची दोन एकर कपाशी वाया गेली, तर गावात तोंड कसे दाखवणार?

३. हिशेब असा मांडावा

समजा, एक जुनी कडबाकुट्टी 6,500 रुपयांना घेतली. खर्च असा :

वाहतूक – 600 रुपये
नवी पाती – 700 रुपये
बेअरिंग – 350 रुपये
पट्टा – 250 रुपये
रंग – 200 रुपये
फोन, फेऱ्या – 100 रुपये
स्वतःची दोन दिवसांची मजुरी – 800 रुपये

खर्चाची बेरीज 3,000 रुपये. म्हणजे कुट्टी 9,500 रुपयांना पडली. ती 11,500 रुपयांना विकली तर खरा नफा 2,000 रुपये. वरवर पाहणारा मात्र म्हणतो, 'पाच हजार सुटले!' आपली मजुरी न धरणे ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे. शेतीच्या हिशेबातही आपण तीच चूक करतो.

यावरून सोपा नियम निघतो. काय भावाने विकली जाईल ते आधी ठरवावे. त्यातून खर्च आणि हवा तो नफा वजा करावा. उरेल ती रक्कम म्हणजे आपल्या खरेदीची कमाल मर्यादा. वरच्या उदाहरणात 11,500 मधून 3,000 आणि 2,000 वजा केले की 6,500 उरतात. समोरचा 7,000 च्या खाली येत नसेल तर रामराम करून परत फिरावे. भाव कळण्यासाठी तशाच आठ-दहा वस्तूंच्या जाहिराती पाहाव्यात. पण त्यातला आकडा हा मागणारा भाव असतो, विकला गेलेला नव्हे, हे विसरू नये.

४. जाहिरात कशी द्यावी

फोटो सकाळच्या उजेडात, वस्तू पुसून काढावेत : पूर्ण वस्तू, दोन्ही बाजू, कंपनीची पाटी, आणि जिथे डाग किंवा डागडुजी आहे ती जागा. दोष लपवू नये. मजकूर थोडक्यात असावा. उदाहरणार्थ : 'कडबाकुट्टी, 2 अश्वशक्ती मोटरसह. पाती, बेअरिंग, पट्टा नवीन. पत्र्याला एका बाजूला गंज आहे. चालू करून दाखवू. किंमत 12,000, थोडेफार कमी होईल. वाहतूक घेणाऱ्याची.'

असा मजकूर वाचून येणारे गिऱ्हाईक पाहून-समजून येते, आणि पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येते.

५. फसवणुकीपासून सावध

एका शेतकरी बंधूंनी जुना पंप विकायला काढला होता. फोन आला, 'मी सैन्यात आहे, वस्तू न पाहताच घेतो, पैसे लगेच पाठवतो, हा चौकोनी कोड स्कॅन करा.' त्यांनी स्कॅन करून पिन टाकला आणि खात्यातील खताचे पैसे क्षणात गेले. घरच्यांना सांगायची लाज वाटली म्हणून दोन दिवस गप्प बसले, तेवढ्यात पैसे पुढे निघून गेले.

हे पाठच करून ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. कोणी 'चुकून जास्त पाठवले, परत करा' म्हटले तर आधी बँकेच्या खात्यातील शिल्लक तपासावी, नुसत्या मेसेजवर जाऊ नये. फसवणूक झालीच तर लाजू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

६. कायद्याच्या गोष्टी

विहिरीवरच्या मोटरी चोरीला जातात हे आपल्याला ठाऊकच आहे. फार स्वस्त मोटर कोणी रात्री आणून देत असेल तर घेऊ नये. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. प्रत्येक खरेदीला साध्या कागदावर पावती करावी. विकणाऱ्याचे नाव, गाव, मशीनचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या त्यावर असाव्यात. मूळ बिल असेल तर तेही मागून घ्यावे.

सरकारी अनुदानावर घेतलेले औजार असेल तर लाभार्थ्याने दिलेले हमीपत्र आधी वाचावे. ठरावीक मुदतीत ते विकायचे नाही, अशी त्यात अट असते.

पुढेमागे ट्रॅक्टर घेतला-विकला तर नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे आणि नमुना 29 व 30 भरून नाव बदलून घ्यावे. 'व्यवहार झाला, नाव नंतर करू' असे म्हणू नये. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. ट्रॅक्टर विकून मोकळे झालेल्या माणसावरही त्यामुळे भरपाईची पाळी येऊ शकते.

आणखी एक. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, पण औजारांच्या खरेदी-विक्रीचा नफा हे शेतीचे उत्पन्न नव्हे. म्हणून वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि उलाढाल वाढली की जाणकाराचा सल्ला घ्यावा.

थोडक्यात

एका वेळी एकच औजार घ्यावे. ते विकून पैसे हातात आल्यावर दुसरे घ्यावे. बियाण्या-खतासाठी ठेवलेला पैसा आणि पीककर्ज यात गुंतवू नये, कारण औजार चार महिने विकले गेले नाही तरी पेरणी थांबत नाही. आणि विकताना वस्तूचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगावा. या धंद्यात भांडवल थोडे लागते, विश्वास मात्र जास्त लागतो.

आपले अनुभव आणि अडचणी कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवा. निवडक पत्रांना उत्तरे देऊ.