कुऱ्हाड निवडताना आधी दांडा पाहा

दिवाळी सरली, गारठा पडू लागला की पवना, भंडारदऱ्याच्या काठावर तंबू दिसू लागतात. सामानाची यादी करताना तंबू, बॅटरी, पांघरुणे यांचा बराच विचार होतो. लाकडे फोडायची कुऱ्हाड मात्र आयत्या वेळी पिशवीत पडते. कधी ती माळ्यावरची, दांडा हलणारी असते, तर कधी फोटो पाहून मागवलेली, नुसती दिसायला देखणी. तंबू गळला तर एक रात्र वाईट जाते. कुऱ्हाडीतला दोष हाडापर्यंत पोहोचू शकतो, आणि अशा ठिकाणांहून मोठे रुग्णालय जवळ नसते.

लहान कुऱ्हाड कमी धोक्याची, हा पहिला गैरसमज. लांब दांड्याची कुऱ्हाड उभ्याने चालवताना घाव चुकला, तर पाते बहुधा पुढे जमिनीत रुतते. हातभर दांड्याच्या कुऱ्हाडीचा फेर लहान असतो. घाव चुकला की जमीन गाठण्याआधीच ते पाते गुडघ्याकडे किंवा नडगीकडे वळते. नडगीच्या पुढच्या बाजूला मांसाचा थर नसतो, कातडीखाली लगेच हाड असते. म्हणून लहान कुऱ्हाड गुडघे टेकून आणि लाकूड जाड ओंडक्यावर ठेवूनच चालवावी. मग चुकलेला घाव ओंडक्यात बसतो.

वजनाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. त्यामुळे पेलवत नाही अशा जड कुऱ्हाडीपेक्षा हाताच्या ताब्यात राहणारी हलकी कुऱ्हाड अधिक कामाची. मनगटाएवढी सुकी लाकडे फोडायला ५०० ते ७०० ग्रॅमचे पाते आणि ३५ ते ४० सेंटिमीटरचा दांडा पुरतो. घेण्यापूर्वी दांड्याचे टोक धरून हात समोर सरळ करावा. थोड्याच वेळात मनगट थरथरू लागले, तर ती कुऱ्हाड आपली नव्हे.

खरी परीक्षा दांड्याची. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या असाव्यात. त्या आडव्या तुटत असतील किंवा मध्ये गाठ असेल, तर दांडा तिथेच मोडतो. धामण किंवा बाभळीचा दांडा चिवट असतो. जाड रंग दिलेला दांडा टाळावा, कारण रंगाखाली रेषाही झाकतात आणि भेगाही. मुठीकडचे टोक थोडे फुगीर असेल, तर घामाने ओला हात घसरत नाही.

पाते आणि दांडा यांच्या सांध्यात पाचर घट्ट बसलेली हवी. पाते हाताने हलले, तर कुऱ्हाड परत ठेवावी. दांडा ढिला झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची जुनी युक्ती अनेकांना ठाऊक असते. लाकूड फुगते आणि पाते घट्ट होते, हे खरे. पण लोखंडाच्या भोकात फुगायला जागा नसल्याने लाकडाचे तंतू चेपतात. वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही ढिला होतो, आणि पुढच्या घावाला पाते सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. नवी पाचर किंवा नवा दांडा हाच उपाय.

पात्याची धार कडक हवी, पण ठिसूळ नको. जाणता लोहार धारेवर हलकेच कानस फिरवून पाहतो. कानस काचेवरून जावी तशी घसरली, तर धारेचे तुकडे उडण्याची भीती. लोण्यात रुतावी तशी रुतली, तर धार लवकर बोथट होणार. ग्राइंडरवर घासताना धार निळसर झाली असेल, तर उष्णतेने पोलादाचे पाणी उतरलेले असते. बोथट कुऱ्हाड लाकडात न शिरता घसरते, म्हणून ती धारदार कुऱ्हाडीपेक्षा धोक्याची. कुऱ्हाडीच्या पाठीवर हातोडा मारू नये. लोखंडाची कपची उडून डोळा जाऊ शकतो. लाकडी मोगरी वापरावी.

चांगली कुऱ्हाडही थकलेल्या, गारठलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या हाती देऊ नये. लाकडे उजेड असतानाच फोडून ठेवावीत. बारीक ढलपी फोडताना ती हाताने न धरता दुसऱ्या काटकीने आधार द्यावा. काम संपले की पात्यावर चामड्याचे म्यान चढवावे.

तरीही घाव लागलाच, तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरावे आणि १० मिनिटे उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवून दाब वाढवावा. हळद, तंबाखू, राख, माती यांतले काहीही भरू नये. हातापायातून चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा टाळून, रुंद पट्टा बांधावा. त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावे. बारीक दोरी वापरू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, वाटेत पट्टा सैल करू नये आणि १०८ ला फोन करावा.

धनुर्वात गंजामुळे होतो, हा आणखी एक गैरसमज. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. चकचकीत पात्यावरही ते असू शकतात. मातीने मळलेली जखम असेल आणि शेवटच्या लसीला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर पुन्हा लस घ्यावी लागते. आधीचे डोस आठवत नसतील, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

शेवटी एक प्रश्न दुकानात जाण्याआधीच विचारावा: कुऱ्हाड लागणार आहे का? हरिश्चंद्रगडासारखी अनेक ठिकाणे अभयारण्यात येतात. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्या व्याख्येत चाकूही मोडतो. आग लावणे हाही तिथे गुन्हा आहे. अशा ठिकाणी कुऱ्हाड घरीच राहिली पाहिजे. मुक्काम एखाद्याच्या शेतात असेल, तर फोडलेली लाकडे गावात विकत मिळू शकतात. ती घेतल्याने कोणाची हौस कमी होत नाही, आणि बोटे दहाच्या दहा घेऊन घरी परतता येते.