थळच्या किनाऱ्यावरचे न बांधलेले संग्रहालय

रायगड जिल्ह्यातल्या मुलांना इतिहास दाखवायचा तर आपण त्यांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेतो आणि विज्ञान दाखवायचे तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. दोन्ही संस्था उत्तम आहेत. पहिली १९२२ पासून लोकांसाठी खुली आहे, दुसरी १९८५ पासून. पण या सहलींतून थळच्या मुलाच्या मनात नकळत एक समजूत पक्की होते: इतिहासाची इमारत वेगळी, विज्ञानाची वेगळी आणि दोन्ही आपल्या गावापासून लांब. थळ ते अलिबाग हा जेमतेम काही किलोमीटरांचा किनारा नीट पाहिला तर ही समजूत टिकत नाही. इथे एक संग्रहालय व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ते कशाचे व्हावे, हे घरच्यांबरोबर हा किनारा पाहताना उमगत गेले.

बरोबर आई होती, बायको होती, दहा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून मोठा भाचा होता. थळच्या बंदरावरून समोर दोन बेटे दिसतात, अलीकडे उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी. समुद्र निवळला की इथून खांदेरीला होड्या जातात. आमच्या नाखवांनी सकाळीच बजावले होते, "दुपारचा वारा सुटायच्या आत परत फिरायचं, मागून गडबड नको." मुलीने विचारले, वारा दुपारीच कसा सुटतो? त्यांनी हाताने दाखवले: रात्री नि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ऊन तापले की उलटा फिरतो. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी सावकाश. मतलई आणि खारे वारे त्यातूनच येतात. भूगोलाच्या पुस्तकात हा धडा आहे. पण खांदेरीची लढाई समजायला याच धड्याची गरज पडते, हे पुस्तकात नाही.

शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायचा पहिला प्रयत्न १६७२ च्या सुमारास केला, तो इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या विरोधामुळे थांबला. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे आणि थोड्या तोफा घेऊन बेटावर उतरले आणि दगडांचे बांधकाम सुरू झाले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतो, हे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाभोवती गलबते उभी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्पने बेटावर उतरण्याचे धाडस केले आणि तो मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे मराठी सरदार दौलतखानाचे आरमार नागावच्या बाजूने इंग्रजांवर तुटून पडले. 'डोव्ह' हे इंग्रजांचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रज कप्तान रिचर्ड केजविन ज्या 'रिव्हेंज' जहाजावर होता, ते मात्र एकट्याने लढत राहिले आणि अखेर मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली.

त्या दिवसाचा निकाल इंग्रजांच्या बाजूचा म्हणता येईल. मोहिमेचा निकाल मात्र उलटा लागला, कारण रोज रात्री थळ-नागावकडून लहान होड्या बेटाला रसद पोचवत राहिल्या. वारा पडला की शिडाची मोठी जहाजे जागच्या जागी अडकत. वल्ह्यांच्या होड्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नसे आणि कमी पाण्यातून, खडकांच्या फटींतून त्या निघून जात. इंग्रजांच्या स्वतःच्या पत्रांत याबद्दलचा वैताग भरलेला आहे. १६८० उजाडताना सिद्दी कासमने शेजारची उंदेरी बळकावली आणि इंग्रजांनी खांदेरीचा नाद सोडून तह केला. पुढे १७१८ मध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नर बूनने कान्होजी आंग्र्यांकडून बेट घ्यायचा प्रयत्न केला, तोही फसला.

भाच्याने विचारले, "त्या होड्या वल्हवणाऱ्यांची नावं काय होती?" मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. पण अंधारात धान्य आणि दारूगोळा पोचवणारे बहुतेक सगळे निनावीच आहेत. या लढाईच्या दिवसवार हकिकतीसाठी आपल्याला मुख्यतः मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारींच्या कागदांवर अवलंबून राहावे लागते. ज्यांनी वेढा घातला त्यांनी लिहिले. ज्यांनी वेढा फोडला त्यांची कला होडी हाकण्याच्या रीतीत उरली. संग्रहालयाने ही दुसरी नोंदही मांडली पाहिजे, आणि ती थळमध्येच मिळू शकते.

खांदेरीवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेली तोफ आहे, १८६७ चे दीपगृह आहे, कोळी बांधवांच्या भक्तीचा वेताळ आहे. मुले रमली ती नाद देणाऱ्या दगडापाशी. हातातल्या खड्याने त्या भल्यामोठ्या धोंड्यावर ठोकले की भांड्यासारखा आवाज येतो आणि दोन हात सरकून ठोकले की सूर बदलतो. आईने कान लावून ऐकले आणि म्हणाली, "आत पोकळ असेल." पोकळ असण्याची गरज नाही. दगड घट्ट आणि एकसंध असेल, त्यात भेगा नसतील आणि तो थोड्याच टेकूंवर तोललेला असेल, तर कंपने चटकन विरत नाहीत. भेगाळलेला किंवा मातीत रुतलेला दगड तेवढाच ठोकला तरी नुसता 'ठप्प' होतो. मुलीने शेजारचे पाच-सहा धोंडे ठोकून याची खात्री करून घेतली. कुठल्याही विज्ञान केंद्रातले बटण दाबून तिला हे इतके पटले नसते.

याच किनाऱ्यालगत अलिबागची चुंबकीय वेधशाळाही आहे. ते चालते कार्यालय आहे, म्हणून आधी कळवून आणि परवानगी घेऊनच जावे. तिची कथा मुंबईत सुरू होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होऊ लागली. टांगलेला चुंबक दिशेत किंचित कमी-जास्त होतो, ते फरक सहायक डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत. एरवी तासातासाने आणि सुई बेचैन झाली की काही मिनिटांच्या अंतराने.

या शिस्तीमुळेच १८५९ चा सप्टेंबर जपला गेला. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर अचानक लखलखाट पाहिला. एक दिवसही पुरा व्हायच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. उत्तरेतल्या अनेक वेधशाळांतल्या नोंदी मोजपट्टीबाहेर गेल्या. कुलाब्याच्या वहीत मात्र आडव्या चुंबकीय बलातली घट नोंदली गेली, सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची, म्हणजे नेहमीच्या बलाच्या साधारण चार टक्के. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगातल्या ज्ञात वादळांत या वादळाचे स्थान ठरवायला त्याचा मोठा आधार झाला. मार्च १९८९ मध्ये याहून बऱ्याच सौम्य वादळाने कॅनडाच्या क्युबेक प्रांतातली वीज काही तास घालवली होती. आजच्या विद्युतवाहिन्या आणि उपग्रहांना केवढ्या धक्क्याची तयारी ठेवावी लागेल, हे सांगताना कुलाब्याच्या त्या वहीचा दाखला आजही देतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकांच्या नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस होते. त्यांच्या कारकिर्दीत अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली, चुंबकाला बाधा न आणणारे साहित्य निवडून. मला सर्वांत मोठी वाटते ती पुढची गोष्ट: १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे केली गेली, म्हणजे जुनी आणि नवी नोंद जुळवून एकच मालिका पुढे चालावी. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा चुंबक सुरक्षित जागी पोचलेले होते. पुढच्या पिढ्यांसाठी एवढा विचार करून काम हलवल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

संध्याकाळी थळच्या वाळूत मुलीने दोऱ्याला बांधलेला चुंबक ओढला. त्याला काळ्या बारीक कणांची दाढी चढली. हे लोहयुक्त कण सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्या-ओढ्यांतून आलेले. तो पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या खनिजांनी त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकापासून परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी ती मोजली, तेव्हा कळले की हे दगड थिजले त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे अलिबागच्या यंत्रात नोंदले जाते तेच इथल्या डोंगरानेही आपल्या परीने नोंदून ठेवले आहे.

शेजारच्या नवगावात आणखी एक आठवण आहे. बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बाकीच्यांना नवगावात पुरले. तिथे स्मारक आहे. त्या घटनेच्या काळाविषयी कागद नाही. पण शनवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' कोकणात राहिले, मराठी बोलले, आणि ही कथा त्यांनी इस्रायलपर्यंत नेली.

गावात संग्रहालय चालेल का, असे विचारणाऱ्यांनी सासवण्याला जावे. शिल्पकार विनायकराव करमरकर यांच्या घरात त्यांची शिल्पे मांडलेली आहेत. पुण्याचा १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला, त्यांचे हे गाव. मुले त्या घरात तासभर शांतपणे फिरली. एक माणूस, एक घर आणि जपणारी माणसे, एवढ्यावर ते उभे आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतल्या बारा किल्ल्यांत खांदेरीचाही युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. आता पाहुणे येतील. त्यांना बेटावर नेऊन आणण्यापलीकडे थळच्या हाती काही असायला हवे. बंदराजवळ एखाद्या जुन्या घराच्या चार खोल्या पुरतील. पहिलीत वखारीच्या पत्रांच्या नकला आणि त्यांच्या शेजारी नाखवांनी सांगितलेले वाऱ्याचे, भरतीओहोटीचे, खडकांचे ज्ञान, त्यांच्याच आवाजात. दुसरीत कुलाबा-अलिबागच्या नोंदींच्या प्रतिकृती आणि टांगलेला चुंबक. तिसरीत लाव्ह्याचे तुकडे आणि काळ्या वाळूचे परातभर ढीग, हात घालायला. चौथीत होडी बांधण्याची हत्यारे, आणि १९८० च्या दशकात थळला आलेल्या खत कारखान्याची कथा, बॉम्बे हायच्या वायूपासून युरिया कसा होतो इथपासून गावाचे काय बदलले इथपर्यंत. शाळांतल्या मुलांनी या हिवाळ्यातच आपापल्या आजोबांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायला घेतले, तर पहिली खोली भरायला इमारतीची वाट पाहावी लागणार नाही. वल्ह्याची होडी स्वतः हाकलेले लोक आज गावात थोडेच उरले आहेत.