पट्टा कमरेला नव्हे, खुब्यांना बांधा

संत्र्याची तोडणी सुरू झाली की शेंदूरजनाघाट, वरुड भागातील आपल्या वस्त्यांमधून ‘कंबर धरली’ ही तक्रार वाढते. भरलेले क्रेट उचलणे, ते हातात घेऊन वळणे, शिडीवर एकाच पायावर भार देणे, या सगळ्याचा ताण कमरेवर येतो. मग मेडिकलमधून रुंद पट्टा आणून पोटावर आवळला जातो. पण दुखणे कोणत्या सांध्याचे आहे हे न पाहता बांधलेला पट्टा उपयोगी पडत नाही.

पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर, एक तिकोनी हाड असते. ते दोन्ही बाजूंना खुब्याच्या हाडांना जोडलेले असते. या जोडाला डॉक्टर ‘एसआय जॉइंट’ म्हणतात. वरच्या शरीराचा भार येथूनच पायांकडे जातो. गरोदरपणात या सांध्याचे बंध सैल होतात. पडल्यामुळे किंवा सततच्या ओझ्यामुळेही तो दुखावतो.

हे दुखणे बहुधा कमरेच्या खाली, एका बाजूला, कुल्ल्याच्या वरच्या खळीजवळ असते. झोपेत कूस बदलताना, पायऱ्या चढताना, एका पायावर उभे राहून कपडे घालताना चमक येते. अशा वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यांनी पट्टा सांगितला तर तो असा वापरावा:

१. पट्टा अरुंद घ्यावा. तो पोटावर नको. खुब्याची समोरची टोकदार हाडे हाताला लागतात, त्यांच्या लगेच खाली बांधावा.
२. उभे राहून, पातळ सुती कपड्यावरून बांधावा. दोन बोटे आत जातील इतकाच आवळावा. जास्त आवळल्याने जास्त फायदा होत नाही.
३. चालताना व काम करताना वापरावा, झोपताना काढावा.
४. दुखणे वाढले, पायाला मुंग्या आल्या किंवा कातडी सोलली तर लगेच सोडावा.

पट्टा हा आधार आहे, औषध नव्हे. सांध्याला खरी ताकद पोटाच्या व कुल्ल्यांच्या स्नायूंची. दुखणे उतरल्यावर उताणे झोपून गुडघे दुमडावेत, कुल्ले हळू उचलून पाच अंक मोजावेत व खाली आणावेत. असे दहा वेळा करावे. बळ येईल तसा पट्टा कमी करत जावा.

गरोदर व बाळंत स्त्रियांनी डॉक्टर किंवा नर्सबाईंना विचारूनच पट्टा बांधावा. पट्टा आहे म्हणून तिला ओझे उचलायला लावू नये. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीला बाळंतपणात सवेतन विश्रांती देणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली. १९२९ साली तो कायदा झाला. तो कारखान्यातील स्त्रियांसाठी होता. बागेत मजुरी करणाऱ्या आपल्या मायबहिणींना निदान घरच्यांनी तरी ही विश्रांती द्यायला हवी. पाण्याचा हंडा घरातील पुरुषानेही उचलावा.

काही खुणा दिसल्या तर पट्ट्यावर वेळ घालवू नका. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, पाय लुळा पडणे, यांत त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरज पडल्यास अमरावतीच्या इर्विनला जा. ताप, वजन घटणे, रात्री झोप मोडणारे दुखणे असेल तर क्षयाचीही तपासणी करावी लागते. तरुण मुलाची कंबर रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असेल, तर तो सांध्याच्या सुजेचा आजार असू शकतो. बाबा-बुवाकडे किंवा मालिशवाल्याकडे जाऊन दिवस घालवू नका.