सुराची उंची, बैठकीची उंची

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिथले भले थोरले ढोल आठवत असतील. खांद्यावरून पट्टा घेऊन अडकवलेला ढोल नेमका कुठे लोंबायला हवा, हे वाजवणारा पट्टा आवळून-सैलावून ठरवतो. अंदाज चुकलाच तर फार तर हात भरून येतील, ढोलाचा सूर काही बदलणार नाही. बहुतेक वाद्यांचं असंच असतं. मात्र पेडल स्टील गिटार नावाचं एक अजब वाद्य आहे. त्यात बैठक दोन बोटं चुकली, तर सूरच चुकू शकतो!

या वाद्याचे पूर्वज आपल्या ओळखीचे आहेत. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून लोखंडाचा तुकडा सरकवत सूर काढले. ती हवाईयन गिटार आपल्याकडे आली आणि रुळली. व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी तिच्यावर वाजवलेली हिंदी सिनेमाची गाणी घरोघरी गेली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका अनेकांच्या संग्रही असेल. मींड घ्यायला याहून सोयीचं वाद्य कुठलं? आपल्या वादकांना उंचीची चिंताही फारशी नव्हती. जमिनीवर मांडी घालून बसलं की वाद्य आपोआप आपल्याच मापाच्या बैठकीवर येतं.

अमेरिकेत मात्र वाद्याला पाय फुटले. तारा वाढल्या, वाद्य जड झालं, स्टँडवर चढलं आणि खाली पेडल आली. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबून तिचा सूर चढवला आणि ऐकणारे थक्क झाले. तारांवरचा लोखंडी तुकडा, म्हणजे बार, जागचा हललेला नाही, एक तार स्थिर वाजते आहे आणि तिच्या शेजारची वर चढते आहे! आज रूढ असलेल्या दहा तारांच्या वाद्यात पहिलं पेडल दोन तारा पूर्ण सुराने चढवतं, दुसरं आणखी दोन तारा अर्ध्या सुराने. दोन्ही एकदम दाबली की ‘सा’चा कॉर्ड ‘म’वर जातो. त्यासाठी डावा पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नुसता कलंडतो. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर. दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला आणखी खटके. ते गुडघ्याने डावी-उजवीकडे ढकलायचे. दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे, सगळे एकाच वेळी कामाला.

आता उंचीची गंमत बघा. पेडलची पट्टी पुढच्या पायांमध्ये खाली बसवलेली असते आणि प्रत्येक पेडलपासून एक सळई वर वाद्याच्या पोटात जाते. उंच माणसाने आपल्या गुडघ्यांना जागा हवी म्हणून नुसते पाय लांब केले, तर वाद्य वर जातं आणि आखूड पडलेल्या सळया पेडलांना वर ओढून धरतात. मग टाच जमिनीवर ठेवून पाऊल वरपर्यंत पोचत नाही, घोटा अवघडतो. म्हणून पाय जितके वाढवले तितक्याच सळयाही वाढवाव्या लागतात. पण त्या जास्त लांब झाल्या तर उलटीच पंचाईत. तार ठरलेल्या सुरापर्यंत ताणली जाण्याआधीच पेडल जमिनीला टेकतं, आणि कितीही जोर लावा, सूर उतरलेलाच राहतो. मऊ गालिच्यावर ही अडचण आणखी छळते. लांबलेल्या सळईची चूक कानाला ‘बेसूर वादक’ म्हणून ऐकू येते, हा त्या बिचाऱ्यावर अन्यायच.

गुडघ्याने वर उचलायचा एक खटका असतो, तो तर त्याहून नाजूक. बैठक उंच झाली की मांडी त्याला टेकून राहते आणि नकळत सूर बदलत राहतो; बैठक खाली गेली की खटका सापडतच नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो डोळ्यांचा भाग. या वाद्यात उठावाचे पडदे नाहीत, तारांखाली फक्त रेघा आखलेल्या असतात. बार बरोबर रेघेवर आला की सूर लागला, पण तार रेघेच्या वर अधांतरी असते. समजा, तार रेघेपासून १ सेंटिमीटर वर आहे, डोळे तारांपासून ५० सेंटिमीटर उंचीवर आहेत आणि डावीकडची तिसरी रेघ डोळ्यांच्या सरळ खालच्या बिंदूपासून २५ सेंटिमीटर दूर आहे. मग तिरक्या नजरेमुळे बार ५ मिलिमीटर इकडे-तिकडे भासतो. तिथे दोन रेघांमध्ये जेमतेम ३ सेंटिमीटर अंतर. म्हणजे अर्ध्या सुराचा सहावा हिस्सा निव्वळ नजरेने खाल्ला! आपल्या संगीतातल्या प्रमाणश्रुती या सूक्ष्म स्वरांतरापेक्षा जरासाच लहान. डोळे जितके उंच, तितकी ही चूक कमी. पण अंग उंचावलं की गुडघे खटक्यांत अडकतात. शेवटचा शब्द कानाचाच, हे अर्थात खरं. तरी वेगात उडी मारून तिसऱ्या रेघेवर जाताना कान नंतर बोलतो, डोळा आधी.

त्यामुळे जुळवणीला क्रम लागतो. आधी बैठक ठरवायची, पावलं सपाट टेकतील आणि मांड्या साधारण आडव्या राहतील अशी. मग वाद्याचे पाय, कोपर मोकळं राहून हात तारांवर सहज येईल इतके. मग सळया, आणि सरतेशेवटी गुडघ्याचे खटके. हे सगळं बूट घालूनच करायचं, तेही ज्या बुटांत कार्यक्रम करणार त्याच. तळव्याची जाडी बदलली की टाचेची उंची बदलते, आणि तिच्यासोबत पेडलवर पडणाऱ्या पावलाचा कोनही.