हिमनदीत रोवलेले बांबू

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल भागात छोटा शिगरी नावाची हिमनदी आहे. लांबी सुमारे ९ किलोमीटर. तिचं तोंड समुद्रसपाटीपासून ४००० मीटरच्या जरा वर, माथा ६००० मीटरच्याही पुढे. या हिमनदीच्या पाठीवर ठिकठिकाणी बांबू रोवले आहेत. हिमालयातला बर्फ किती घटतोय, याबद्दल आज जे थोडंफार खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं अशा बांबूंच्या भरवशावर.

बर्फात बांबू रोवायचा तर आधी भोक पाडायला हवं. त्यासाठी गॅसवर चालणारा छोटा बॉयलर पाठीवर वाहून नेतात. त्याची वाफ लांब नळीतून धातूच्या टोकाशी येते आणि बर्फ वितळवत टोक खाली सरकत जातं. आठ-दहा मीटर खोल भोक झालं की दोन-दोन मीटरचे बांबूचे तुकडे एकमेकांना बांधून आत सोडायचे. अखंड बांबू चालत नाही. बर्फ वितळून तो उघडा पडत गेला की वाऱ्याने हेलकावे खातो, मोडतो. तुकड्यांचं तसं नाही. वरचा पुरता बाहेर आला की आडवा होतो, खालचा जागेवर राहतो. शिवाय दहा मीटरचा बांबू त्या चढावर नेणार कोण?

सप्टेंबर संपता संपता, उन्हाळी वितळण थांबल्यावर, संशोधक प्रत्येक बांबूपाशी जाऊन टेप लावतात. गेल्या वर्षीपेक्षा तो दीड मीटर जास्त उघडा पडला असेल, तर तिथला दीड मीटर बर्फ गेला. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून ०.९ ने गुणायचं. हिशेब निघाला १.३५ मीटर पाण्याचा.

हा झाला खर्च. जमेची बाजू पाहायला हिमनदीच्या वरच्या अंगाला जावं लागतं. तिथे खड्डा खणतात किंवा बर्फाचा गाभा काढतात आणि मागच्या उन्हाळ्यात धूळ बसून मळलेला थर शोधतात. त्याच्या वर साठलेलं हिम ही वर्षाची कमाई. त्याचं वजन करून घनता काढतात. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो, तेव्हा फावड्याचे दहा घाव घातले की माणूस धापा टाकत बसतो. ताज्या हिमाखाली भेगा झाकलेल्या असतात, म्हणून एकमेकांना दोर बांधून चालायचं. हिमनदीतून निघणारे ओढे सकाळी गुडघाभर असले तरी दुपारच्या उन्हाने फुगतात, म्हणून ते पहाटेच ओलांडायचे.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले संशोधक फ्रेंच सहकाऱ्यांच्या साथीने २००२ पासून छोटा शिगरीचा हा ताळेबंद मांडत आले आहेत. सरासरी तूट दरवर्षी अर्ध्या मीटर पाण्याच्या जवळपास. आकडा किरकोळ वाटेल, पण हिमनदीचं क्षेत्र सुमारे १५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका हिमनदीतून वर्षाला साधारण ७५० कोटी लिटर पाणी कायमचं कमी होतं.

गंमत अशी, की काही वर्षं किंचित शिलकीचीही निघाली. कारण बऱ्याचदा ऐन उन्हाळ्यात होणाऱ्या हिमवृष्टीत सापडतं. ताजं पांढरं हिम बहुतेक ऊन परतवून लावतं आणि उघडा मळकट बर्फ ते शोषतो. पावसाळ्यात एकदा चांगलं हिम पडलं की काही दिवस वितळण मंदावते. वर्षभर नोंदी नसत्या, तर हे ध्यानातही आलं नसतं.

उपग्रह असताना एवढी पायपीट कशाला, असं कुणी विचारेल. उपग्रह हिमनदीची उंची किती उतरली ते छान सांगतो. पण उतरलं ते भुसभुशीत हिम की घट्ट बर्फ, हे ठरवायला जमिनीवरची घनता लागते. आणि प्रत्यक्ष मोजमाप तोकडं असलं की काय होतं, हे आपण पाहिलं आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं विधान शिरलं. त्याला पुरेसा आधार नव्हता. २०१० च्या जानेवारीत समितीला चूक कबूल करावी लागली आणि एकूण हवामानशास्त्रावरच शंका घेणाऱ्यांचं फावलं.

अंटार्क्टिकावरची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही ठाणी सांभाळणाऱ्या, गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये छोटा शिगरी आहे त्याच चंद्रा नदीच्या खोऱ्यात ‘हिमांश’ हे ठाणं उभारलं. सुत्री ढाका, बातल, समुद्र टापू अशा हिमनद्यांवर आता तिथून काम चालतं. (चंद्रा पुढे भागाला मिळून चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी.) अंटार्क्टिकाच्या मोहिमेचे फोटो छापून येतात. लाहौलच्या मोहिमेचे क्वचितच, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. इथलं पाणी चिनाबमार्गे सिंधूच्या खोऱ्यात शेतांपर्यंत पोहोचतं.

या कामात खाडा परवडत नाही. एक हंगाम चुकला, बांबू पडले किंवा गाडले गेले, की त्या वर्षाची त्या जागची नोंद मागाहून कितीही पैसे ओतून मिळत नाही. निधी दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांपुरता मंजूर होतो, हिमनदीला मात्र निदान तीस वर्षांची नोंद लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीत देशातल्या हिमालयात ९५७५ हिमनद्या आहेत. त्यांपैकी दहा वर्षांहून जास्त काळ सलग मोजलेल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील.