विषय कोण निवडतो?

दहावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. बुद्धविहारात गुणवंतांचा सत्कार होतो, पाहुणे म्हणून एखादा नगरसेवक येतो आणि 'बाबासाहेबांसारखे शिका' असे सांगून गाडीत बसतो. काय शिका, कोणत्या शाखेत शिका, याचे उत्तर त्या सभेत कोणी देत नाही. ते उत्तर चार दिवसांनी सायबर कॅफेवाला देतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात केंद्रीय ऑनलाईन पद्धतीने होऊ लागले आहेत. आई-बाप कामावर, पोर एकटे, मागे रांग लागलेली. पंधरा मिनिटांत पसंतीक्रम भरला जातो आणि पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल तिथेच लागतो.

शिष्यवृत्ती, दाखले, प्रवेश यांची प्रकरणे घेऊन जे पालक आमच्याकडे येतात त्यांच्या तोंडून आम्ही तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकतो. मुलगी असेल तर 'हेल्थकेअरचा काहीतरी कोर्स'. मुलगा धावण्यात बरा असेल तर 'फिजिकल'. जयंतीच्या कार्यक्रमात नाचणारी पोर असेल तर हल्ली 'डान्स'. या तिन्ही विषयांना आमचा विरोध मुळीच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा विषय पोराने निवडला, की 'तुला विज्ञान झेपायचे नाही, हे घे' असे म्हणून कोणी त्याच्या हातात ठेवला?

हा प्रश्न आमच्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये विद्यार्थी भीमरावाला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवायचे नाही असे ठरले आणि त्याला पर्शियन घ्यावे लागले. पुढे बाबासाहेबांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने मिळवले. पण विषय नाकारण्याचे हत्यार किती जुने आहे ते ध्यानात घ्या. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशी योजना आणली की पोराने अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरावा आणि भटाच्या पोराने पोथी! पेरियारांच्या चळवळीने रान उठवले आणि १९५४ मध्ये कामराजांच्या सरकारला ती योजना गुंडाळावी लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे ठरवले आहे. कागदावर ते सर्वांसाठी आहे. व्यवहारात व्यवसाय शिक्षणाच्या वर्गात कोणाची पोरे बसतात आणि कोट्याच्या कोचिंगमध्ये कोणाची, हे आम्ही सांगायला नको.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी शिष्यवृत्त्या मागितल्या त्या विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी, आणि परदेशी शिक्षणासाठी. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अस्पृश्यांना तेवढा उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही वकिलांनी ते मनाला लावून न घेता वाचावे! पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा त्यात कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही होती.

आता आरोग्याचे घेऊ, कारण सर्वात जास्त फसवणूक इथे होते. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी जाऊन उभे राहा. फरशी पुसणारी मावशी, बेडपॅन उचलणारा वॉर्डबॉय, पट्टी बांधणारी सिस्टर, राउंडला आलेले मोठे डॉक्टर. आडनावे विचारत वर चढत जा, चातुर्वर्ण्याची शिडी तुमच्या लक्षात येईल. या शिडीच्या कोणत्या पायरीवर आपले पोर उभे राहणार, हे बव्हंशी अकरावीतच ठरते.

नियम असे आहेत. एम.बी.बी.एस., बी.डी.एस. किंवा आयुर्वेदासाठी नीट द्यायची तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी हवी असेल तरी हेच विषय आणि इंग्रजी लागते, शिवाय सीईटी द्यावी लागते. जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम मात्र कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही करता येतो. इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण हवेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, कोणत्याही शाखेची बारावी चालते. म्हणजे अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलीला हे सगळे दरवाजे उघडे आहेत, आणि कला घेतलेल्या मुलीला त्यातले दोन. बारावीच्या व्यवसाय शाखेत आरोग्याचा गट घेणाऱ्या मुलीची गोष्ट सर्वात चमत्कारिक आहे. नावात आरोग्य असते, पण भौतिक, रसायन, जीव हे तीन स्वतंत्र विषय नसतात. ती दोन वर्षे दवाखान्याचाच अभ्यास करते आणि शेवटी नीटच्या अर्जाला अपात्र ठरते. हे प्रवेशाच्या वेळी तिला कोण सांगतो?

यापेक्षा वाईट प्रकार वस्तीच्या नाक्यावर आहे. एका बाईने तिच्या मुलीचे प्रमाणपत्र आमच्यापुढे ठेवले. गुळगुळीत कागद, सोनेरी शिक्का, सहा महिन्यांचा 'नर्सिंग' कोर्स. बचत गटाचे कर्ज काढून फी भरलेली. त्या कागदावर परिचर्या परिषदेची नोंदणी होणे शक्यच नव्हते. मुलगी एका खाजगी दवाखान्यात बारा तास राबत होती आणि पगार झाडूवालीएवढा. संस्थेचे नाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण अशा संस्था गल्लोगल्ली आहेत आणि एक बंद पडली की दुसरी पाटी लागते.

पालकांनी एक कायदा लक्षात ठेवावा. परिचारिकांसाठी १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आधीपासून आहे. लॅब टेक्निशियन, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, फिजिओथेरपी अशा कामांसाठी संसदेने २०२१ साली राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिकाची पदविका वा पदवी किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली असावी, असे व्याख्येतच लिहिले आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३६०० तास. तेव्हा कोणी सहा महिन्यांत टेक्निशियन बनवतो म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा की महाशय, २००० तास कुठे बसवले? आणि मूळ दाखले कोणाच्याही ताब्यात देऊ नका. ते सोडवून आणण्यातच वर्ष जाते.

रुग्णसेवा हे हलके काम आहे असे आमचे म्हणणे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पण त्या दवाखान्यात औषध देणारे डॉक्टर होते त्यांचे पुत्र यशवंत. सेवा आपली आणि डॉक्टरकी दुसऱ्याची, अशी वाटणी सत्यशोधकांच्या घरात नव्हती.

मैदानाचे थोडक्यात सांगतो. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचे म्हणून अकरावीला तो खास विषय शोधत फिरण्याची गरज नाही. राज्य मंडळात आरोग्य व शारीरिक शिक्षण सगळ्यांनाच आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तो वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. बी.पी.एड. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर होते. अडचण पुढे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक द्यायचे म्हटले, पण अर्धवेळ! मग २०१५ साली आपल्या राज्याने अतिथी निदेशक काढले, मानधन तासिकेला ५० रुपये. पदवीधर माणसाचा हा भाव. खेळाडूसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे हे खरे, परंतु ते पात्र स्पर्धेतल्या प्राविण्यावर मिळते आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. नुसत्या धावण्यावर नव्हे. म्हणून पोराला पळू द्या, पण सोबत पदवीचा विषयही भक्कम असू द्या.

पळवंकर बाळूचे उदाहरण आपल्यापुढे आहे. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखता राखता त्यांना सरावासाठी चेंडू टाकायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याचा चेंडू चालत होता. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधी दिले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाले, तेही भांडून. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभा केला गेला आणि हरला. खेळाने मान मिळतो, पण खेळाडूच्या हातात दुसरे काही नसले तर तो मान कोणाच्याही कामाला जुंपता येतो.

नाचाचा विषय नाजूक आहे. चळवळीतली बरीच वडीलधारी मंडळी 'डान्स' म्हटले की कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे चूक नाही. घुंगरू आपल्या आया-बहिणींच्या पायात हौसेने आले नव्हते, जातीने बांधले होते. पवळा, विठाबाई नारायणगावकर या थोर कलावंत. टाळ्या आणि शिट्ट्या त्यांना मिळाल्या, घर आणि प्रतिष्ठा मात्र दुसऱ्यांना. आणि त्याच सुमारास दक्षिणेत काय झाले? देवदासींचा सदिर नाच उचलून १९३० च्या दशकात त्याचे भरतनाट्यम् झाले, १९३६ साली रुक्मिणीदेवींचे कलाक्षेत्र उभे राहिले, ब्राह्मणांच्या मुली नाचू लागल्या आणि नाच शास्त्रीय झाला. देवदासी मात्र देवदासीच राहिली. आज पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक आणि भरतनाट्यमची पदवी मिळते. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. लोककलेलाही मिळतात, पण तिथे प्रयोगांचा दाखला जोडावा लागतो. भीमराव कर्डकांच्या जलशाची परंपरा सांगणाऱ्या किती पोरांनी हे गुण मागितले? आमच्या माहितीत एकही नाही.

म्हणून आमच्या मुलीला नाच शिकायचा असेल तर जरूर शिकावा. परंतु विद्यापीठाच्या पदवीपर्यंत शिकावा, रिअॅलिटी शोच्या नादाने अकरावी सोडू नये. नाचाकडे पाहण्याची आणखीही एक वाट आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक इतिहास शिकल्या, अमेरिकेत प्राध्यापक झाल्या, तमाशातल्या दलित स्त्रियांवर त्यांनी २०२२ साली ग्रंथ लिहिला आणि २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पवळेची गोष्ट जगापुढे गेली ती अशी.

विषय कोणताही घ्या, कागदपत्रे आजच काढा. बौद्धांना अनुसूचित जातीत धरणारी दुरुस्ती १९९० साली झाली, तेव्हा राज्याच्या १३ टक्क्यांसाठी आणि केंद्राच्या १५ टक्क्यांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा लागतो हे तहसील कार्यालयात स्पष्ट सांगा. व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते; त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा, बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, गाव नमुन्याचा उतारा, जे असेल ते गावी जाऊन शोधा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासूनच लागू आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मर्यादा ओलांडली तर फ्रीशिपचा अर्ज करा. बाहेरगावी शिकणाऱ्या ज्या पोराला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याला स्वाधार योजना आहे. आणि शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून कॉलेजने आधी फी भरून मागितली, तर पावतीशिवाय एक पैसा देऊ नका; प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या आणि एक प्रत समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे पाठवा.